वर्षाला सहा सामने, पन्नास हजार आसने

२०२६ च्या विश्वचषकासाठी झालेल्या पात्रता-फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात भारताच्या पुरुष फुटबॉल संघाला मायदेशी तीन सामने खेळावयाचे होते. त्यांपैकी कतारविरुद्धचा सामना नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वरला झाला, अफगाणिस्तानविरुद्धचा मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीला झाला, आणि ज्या सामन्याने कर्णधार सुनील छेत्री यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला (पुढील वर्षी ते परतले, ही गोष्ट वेगळी) तो कुवेतविरुद्धचा सामना जून २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर झाला. सामने तीन, शहरे तीन, आणि मैदाने तीन निरनिराळ्या राज्य सरकारांच्या मालकीची. दूरचित्रवाणीवर इंग्लंडचा सामना पाहणाऱ्या प्रेक्षकाला मात्र बहुधा प्रत्येक वेळी वेम्बलीची तीच १३३ मीटर उंचीची पांढरी कमान दिसते, आणि मग त्याच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहतो की आपल्या संघाला असे एक कायमचे ठिकाण का नाही, ते उभारायला किती पैसा लागतो, तो कोण देतो आणि अमुकच मैदानावर सामना घ्यावयाचा हे अखेर ठरवितो कोण.

या प्रश्नांची उत्तरे शोधताना वेम्बलीपेक्षा डब्लिनचा इतिहास मला अधिक बोधप्रद वाटतो. आयर्लंडचे प्रजासत्ताक हे सुमारे पन्नास लाख वस्तीचे राष्ट्र. तेथील फुटबॉल संघटना श्रीमंत नाही, आणि तिने आपल्या राष्ट्रीय संघासाठी मैदान मिळविण्याचे जवळजवळ सर्व मार्ग गेल्या अर्धशतकात चोखाळून पाहिले आहेत. त्या मार्गांची फळे कोणाच्या पदरात पडली आणि खर्च कोणाच्या माथी बसला, हे तेथे फार स्पष्ट दिसते.

थोड्या दिवसांचा यजमान

राष्ट्रीय संघ हा वर्षभर एकत्र नांदणारा संघ नव्हे. त्यातील खेळाडू आपापल्या क्लबांच्या नोकरीत असतात, आणि फिफा या जागतिक महासंघाने आखून दिलेल्या मुदतींपुरतेच क्लबांनी त्यांना राष्ट्राच्या स्वाधीन करावे असा नियम आहे. या मुदती २०२५ पर्यंत प्रायः मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत येत. प्रत्येकीत साधारण दोन सामने बसत आणि त्यांतला बहुधा एकच घरी होई. म्हणजे एखाद्या राष्ट्रीय संघाचे मायदेशातील सामने वर्षाकाठी पाच-सहा होतात. उरलेले सुमारे तीनशे साठ दिवस मैदान रिकामे असले तरी गवत वाढतच असते, पाण्याचा निचरा राखावाच लागतो, प्रकाशझोतांची आणि छपराची डागडुजी चालूच राहते, पहारेकऱ्यांचे पगार थांबत नाहीत, आणि कर्ज काढून बांधकाम केले असेल तर त्याचे व्याज रविवारची सुटीही घेत नाही.

आपल्याकडे कोणतेही कुटुंब घरातल्या एका लग्नासाठी मंगल कार्यालय बांधीत नाही. ते भाड्याने घेते, आणि कार्यालयाच्या मालकालाही ते परवडते ते केवळ दर मुहूर्ताला दुसरे कोणी वऱ्हाड येते म्हणून. मैदानाचे अर्थशास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. राष्ट्रीय संघाखेरीज इतर कोण त्या मैदानावर येणार, किती वेळा येणार आणि काय भाडे देणार, या तीन आकड्यांवर त्याचे भवितव्य ठरते.

म्हणूनच जगात याविषयी निरनिराळ्या रीती पडल्या. जर्मनी, स्पेन आणि इटली यांनी राष्ट्रीय मैदान असे ठेवलेच नाही. क्लबांची आणि नगरपालिकांची भव्य मैदाने देशभर असल्याने संघ आज या शहरी, उद्या त्या शहरी खेळतो, आणि निरनिराळ्या प्रांतांतील प्रेक्षकांना त्याचे दर्शन घडते. स्वतःच्या मालकीचे मैदान बाळगणे ही इंग्लंडची रीत. पण तिचेही वय लोक समजतात तितके नाही. १९२३ साली उघडलेल्या जुन्या वेम्बलीवर १९५१ सालापर्यंत इंग्लंडने अधिकृत सामन्यात स्कॉटलंडखेरीज कोणालाही खेळविले नव्हते. इतर सामने देशभरच्या क्लबांच्या मैदानांवरच होत. पुढे २००० साली जुने वेम्बली बंद होऊन २००७ साली नवे उघडेपर्यंत इंग्लंडचा संघ पुन्हा गावोगाव फिरला, आणि विश्वचषकातील प्रवेश निश्चित करणारा डेव्हिड बेकहॅमचा ग्रीसविरुद्धचा शेवटच्या क्षणाचा गोल ऑक्टोबर २००१ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर झाला. उत्तर इंग्लंडच्या रसिकांना तो काळ अजूनही गोड वाटत असल्यास नवल नाही.

मैदान निवडताना काय पाहतात

निवडीचा पहिला भाग रूक्ष असतो. गवताची प्रत, प्रकाशझोतांची तीव्रता, दोन्ही संघांसाठी आणि पंचांसाठी स्वतंत्र खोल्या, वैद्यकीय कक्ष, उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीची सोय, जवळचे सरावाचे मैदान, विमानतळापासूनचे अंतर, प्रेक्षकांना बाहेर पडण्याच्या वाटा, अशी एक लांबलचक यादी खंडीय महासंघाचे निरीक्षक तपासतात आणि मगच मैदानाला मंजुरी मिळते. स्पर्धात्मक आंतरराष्ट्रीय सामन्यांत उभे राहून पाहण्याच्या पायऱ्या चालणार नाहीत, प्रत्येक प्रेक्षकाला आसन हवे, असा नियम झाल्यावर युरोपातील कित्येक जुन्या मैदानांची क्षमता एका रात्रीत घटली. डब्लिनच्या जुन्या लॅन्सडाउन रोड मैदानावर रग्बीचा सामना असला की सुमारे ४८,००० माणसे मावत. त्याच मैदानावर फुटबॉलसाठी पायऱ्यांवर तात्पुरती आसने ठोकली की हा आकडा ३६,००० च्या आसपास येई. जागा तीच, भाडे भरावयाचे, पण तिकिटे बारा हजारांनी कमी!

दुसरा भाग मात्र डावपेचांचा आहे. यजमान संघाला आपले मैदान निवडण्याचा अधिकार असल्याने हवा, उंची आणि प्रेक्षकवर्ग ही सर्व शस्त्रे त्याच्या हाती येतात. बोलिव्हियाचा संघ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील ला पाझ येथे वर्षानुवर्षे खेळत आला. तेथील विरळ हवेत पाहुण्यांना धाप लागते, आणि एप्रिल २००९ मध्ये तर मॅराडोना प्रशिक्षक असलेल्या, मेस्सीसारखा खेळाडू असलेल्या अर्जेंटिनाला तेथे ६-१ असा पराभव पत्करावा लागला. फिफाने २००७ साली अशा अत्युच्च मैदानांवर बंदी घालून पाहिली. पण दक्षिण अमेरिकेतून इतका विरोध झाला की पुढल्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. २०२४ साली बोलिव्हियाने याहूनही वर, ४,१०० मीटरांच्या पलीकडील एल आल्तो येथे आपले सामने नेले.

अमेरिकेची अडचण वेगळी होती. मेक्सिकोविरुद्धचा सामना लॉस एंजेलिससारख्या शहरातील विशाल मैदानावर ठेवावा, तर तेथील मेक्सिकन वंशाचे प्रेक्षक पाहुण्यांचाच जयघोष करीत. तेव्हा तेथील महासंघाने मोठ्या तिकीटविक्रीचा लोभ सोडून ओहायो राज्यातील कोलंबस शहराचे लहानसे, जेमतेम वीसेक हजार आसनांचे मैदान निवडले. २००१ सालचा तेथील पहिला सामना तर फेब्रुवारीच्या कडाक्यात घेतला. २००१, २००५, २००९ आणि २०१३ या चारही वेळी अमेरिकेने तेथे मेक्सिकोला २-० असेच हरविले. मैदान निवडणे हाही खेळाचाच भाग आहे याचे इतके निर्विवाद उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही. आणि गल्ल्यात कमी पैसे पडतील हे ठाऊक असून घेतलेला तो निर्णय होता, म्हणून मला त्याचे विशेष मोल वाटते.

डब्लिन: कुळ आणि मालक

आता डब्लिनकडे वळू. आयर्लंडचा फुटबॉल संघ अनेक दशके शहराच्या उत्तर भागातील डॅलीमाउंट पार्क या बोहेमियन्स क्लबच्या मैदानावर खेळत असे. मैदान जुने, दाट वस्तीत अडकलेले. फेब्रुवारी १९८५ मध्ये जगज्जेता इटली तेथे आला तेव्हा इतकी अनावर गर्दी लोटली की माणसे मैदानाच्या कडेपर्यंत सांडली आणि मोठा अनर्थ थोडक्यात टळला. त्यानंतर संघाने लॅन्सडाउन रोडची वाट कायमची धरली. १८७२ साली स्थापन झालेले हे मैदान रग्बी संघटनेच्या मालकीचे होते, आणि फुटबॉल संघटना तेथे कुळ म्हणून राहू लागली. कुळाला भाडे द्यावे लागते, तारखा मालकाच्या सोयीने घ्याव्या लागतात. पण छप्पर गळले तर ती चिंता मालकाची.

जॅक चार्लटन या इंग्लिश प्रशिक्षकाच्या हाताखाली १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांत आयर्लंडने मुसंडी मारली, देशभर फुटबॉलचे वेड पसरले, आणि कुळाला स्वतःच्या घराची स्वप्ने पडू लागली. १९९९ साली फुटबॉल संघटनेने शहराच्या पश्चिमेस सिटीवेस्ट येथे ४५,००० आसनांचे, दूरध्वनी कंपनीच्या नावाने ओळखले जाणारे ‘एअरकॉम पार्क’ बांधण्याची योजना जाहीर केली. त्या सुमारास पंतप्रधान बर्टी अहर्न यांनाही राष्ट्राच्या वैभवाला साजेल असे ८०,००० आसनांचे मैदान ॲबट्सटाउन येथे सरकारी खर्चाने उभारावे असे वाटू लागले. वर्तमानपत्रांनी त्याचे ‘बर्टी बोल’ असे नामकरण केले. तेव्हा पन्नास लाखही वस्ती नसलेल्या देशात, एकाच शहरात, दोन महाकाय मैदाने! फुटबॉल संघटनेची योजना वाढत्या खर्चाने, जवळच्या लष्करी विमानतळाच्या हरकतीने आणि संघटनेतल्याच दुफळीने खिळखिळी झाली व २००१ साली गुंडाळली गेली. पंतप्रधानांची योजना त्यांच्याच सरकारातील सहकारी पक्षाच्या विरोधाने २००२ साली मागे पडली. त्या पक्षाच्या एका नेत्याने तर तिची तुलना रुमानियाच्या हुकूमशहाच्या बांधकामांशी केली. ॲबट्सटाउनच्या जागेवर आज पोहण्याचा राष्ट्रीय तलाव आणि विविध खेळांची संकुले आहेत, आणि माझ्या मते सार्वजनिक पैशाचा त्याहून चांगला विनियोग त्या जागी झाला नसता.

अखेर जानेवारी २००४ मध्ये सरकारने मध्यम मार्ग स्वीकारला. लॅन्सडाउन रोडचे जुने मैदान पाडावे, त्याच जागी नवे बांधावे, आणि ते रग्बी संघटना व फुटबॉल संघटना यांनी निम्म्या-निम्म्या भागीने चालवावे. जमिनीचा भाडेपट्टा साठ वर्षांचा. मुदत संपताच सर्व मिळकत पुन्हा एकट्या रग्बी संघटनेकडे जाणार. हे कलम मला नेहमी विचारात पाडते, कारण निम्मा भार उचलणाऱ्या भागीदाराचा हक्क तेथे घड्याळाला बांधलेला आहे.

२००७ साली पाडकाम सुरू झाले तेव्हा संघाला तात्पुरता आसरा हवा होता. देशातील सर्वांत मोठे मैदान म्हणजे ८२,००० प्रेक्षकांचे क्रोक पार्क. पण ते आयर्लंडच्या देशी, गेलिक खेळांच्या संघटनेचे, आणि तिच्या नियमपुस्तकातील ४२ व्या नियमाने ‘परकीय’ खेळांना तेथे मज्जाव केलेला. या मज्जावाला रक्ताचा इतिहास होता. २१ नोव्हेंबर १९२० रोजी स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश सशस्त्र दलांनी याच मैदानावर सामना चालू असताना गोळीबार केला. त्यात चौदा माणसे मेली, आणि त्यांपैकी मायकेल होगन या खेळाडूचे नाव आजही तेथील एका प्रेक्षागाराला आहे. अशा भूमीवर फुटबॉल आणि रग्बी हे इंग्रजांचे खेळ येऊ द्यावेत की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. २००५ च्या वार्षिक सभेत संघटनेच्या प्रतिनिधींनी नियम शिथिल केला आणि मार्च २००७ मध्ये वेल्सविरुद्ध तेथे पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. मैदानाची निवड केवळ आसनांचा हिशेब नसते, लोकांच्या स्मृतीलाही तिच्यात मत असते, हे त्या निर्णयाने दाखविले. आणि गेलिक संघटनेने त्या स्मृतीचा मान राखून शेजाऱ्याला जागा दिली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दहा वर्षांचे तिकीट

नव्या मैदानाचा खर्च ४१ कोटी युरो झाला. त्यांतले १९ कोटी १० लाख सरकारने दिले आणि उरलेले सुमारे २२ कोटी दोन्ही संघटनांनी उभे करावयाचे होते. यासाठी जगभर वापरले जाणारे मुख्य मार्ग दोन.

पहिला मार्ग नाव विकण्याचा. एखादी कंपनी ठरावीक वर्षांसाठी मोठी रक्कम देते आणि मैदान तिच्या नावाने ओळखले जाते. लॅन्सडाउन रोडचे नवे मैदान अशा रीतीने एका विमा कंपनीच्या नावाने ‘अविवा’ झाले. युरोपीय महासंघाच्या स्वतःच्या अंतिम सामन्यांच्या वेळी मात्र महासंघाच्या पुरस्कर्त्यांखेरीज कोणाचेही नाव झळकू द्यावयाचे नाही असा दंडक असल्याने २०११ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापुरते तेच मैदान ‘डब्लिन अरिना’ झाले.

दुसरा मार्ग अधिक मोहक आणि अधिक धोक्याचा. मैदानाच्या मधल्या, उत्तम दृश्याच्या मजल्यावरील आसने दहा-दहा वर्षांच्या कराराने आगाऊ विकावयाची. ग्राहक आज पैसे मोजतो आणि पुढील दशकभर प्रत्येक सामन्याला ते आसन त्याचे असते. संघटनेला बांधकामाच्या काळातच रोकड मिळते आणि बँकेलाही त्या करारांच्या तारणावर कर्ज देता येते. नव्या वेम्बलीतील सुमारे १७,००० आसने याच पद्धतीने विकण्याचे ठरले होते. ७५ कोटी पौंडांहून अधिक खर्चाच्या त्या मैदानाला राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून १२ कोटी पौंड मिळाले, सरकारी खात्यांकडून आणखी काही मिळाले, आणि उरलेला मोठा भाग इंग्लिश फुटबॉल संघटनेने कर्जाने उभा केला.

रग्बी संघटनेने डब्लिनमध्ये दहा वर्षांची तिकिटे विकली, तेव्हा ग्राहकाला आपण काय विकत घेतो हे ठाऊक होते. दर हिवाळ्यात सहा राष्ट्रांची स्पर्धा होणार, इंग्लंड आणि फ्रान्स वर्षाआड डब्लिनला येणार, आणि ते सामने हाऊसफुल्ल होणार. फुटबॉलमध्ये पात्रता-फेरीचे प्रतिस्पर्धी चिठ्ठ्या टाकून ठरतात. एका फेरीत इटली वाट्याला येतो, तर दुसऱ्या फेरीत कोणी ओळखत नाही असा संघ. संघ विश्वचषकाच्या शर्यतीतून लवकर बाद झाला तर उरलेल्या सामन्यांना कोणी फुकटही येत नाही. तरीही फुटबॉल संघटनेने सप्टेंबर २००८ मध्ये आपल्या सुमारे दहा हजार खास आसनांची किंमत दहा वर्षांसाठी १२,००० पासून ३२,००० युरोपर्यंत लावली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि महिन्याच्या अखेरीस आयरिश सरकारला आपल्या बँकांच्या सर्व देण्यांची हमी घ्यावी लागली. ज्या बांधकाम-व्यावसायिकांच्या आणि बँकरांच्या भरवशावर तिकिटांचे दर ठरले होते, तेच देशोधडीला लागले. आसने विकली गेली नाहीत, पण इमारत उभी राहतच होती.

> चौकट: ४१ कोटी युरोंचे मैदान
> सरकारने १९ कोटी १० लाख युरो अनुदान म्हणून दिले. ते परत करावयाचे नव्हते. उरलेला भाग दोन संघटनांचा. रग्बी संघटनेजवळ जमीन होती आणि ठरावीक वेळापत्रकाची हुकमी गर्दी होती. फुटबॉल संघटनेजवळ न विकलेली आसने होती. ती विकली जातील या अंदाजावर काढलेले कर्ज मात्र पूर्णपणे तिचे होते. मैदानात सुमारे ५१,७०० आसने आहेत. उत्तरेकडील बाजू मुद्दाम एकमजली ठेवली आहे, कारण तेथे उंच प्रेक्षागार उठविले असते तर मागच्या हॅवलॉक स्क्वेअरमधील घरांचे ऊन अडले असते.

नोव्हेंबर २००९ मध्ये पॅरिसजवळच्या मैदानावर फ्रान्सच्या थिएरी आँरीने हाताने चेंडू थोपवून दिलेल्या पासावर गोल झाला आणि आयर्लंडची २०१० च्या विश्वचषकाची संधी हुकली. हा प्रसंग बहुतेक रसिकांना आठवतो. पण त्याचे धागे मैदानाच्या जमाखर्चात गुंतलेले आहेत हे फारसे कोणाला ठाऊक नसते. आयरिश संघटना न्यायालयात जाण्याची भाषा करू लागताच फिफाने तिला ५० लाख युरो दिले, आणि कागदोपत्री ते मैदानाच्या बांधकामासाठी दिलेले कर्ज असे दाखविले. आयर्लंड २०१४ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरल्यास ते फेडावयाचे होते. संघ पात्र ठरला नाही, आणि कर्ज माफ झाले. २०१५ साली ही हकीकत उघडकीस आली तेव्हा डब्लिनमध्ये आणि बाहेरही मोठा गदारोळ उठला, आणि तो योग्यच होता. न्यायाची तक्रार कर्जाच्या दस्तऐवजात मिटविणे हे कोणत्याही सार्वजनिक संस्थेला शोभणारे नाही.

मैदान मे २०१० मध्ये थाटात उघडले. कर्ज मात्र दशकभर संघटनेच्या मानगुटीवर बसून राहिले. २०१९ साली तिच्या कारभारातील गैरप्रकार बाहेर येऊ लागले, सरकारी अनुदान थांबविले गेले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस दुरुस्त हिशेब प्रसिद्ध झाले तेव्हा एकूण देणी सुमारे ५.५ कोटी युरोंची असल्याचे दिसले. सगळा दोष मैदानाचा नव्हता, पण त्याचा भार नसता तर संघटना इतक्या खोल गर्तेत गेली नसती. जानेवारी २०२० मध्ये सरकार, युरोपीय महासंघ आणि बँक यांनी मिळून तिला वाचविले. सरकारने वार्षिक अनुदान २९ लाखांवरून ५८ लाख युरो केले आणि मैदानाच्या वापराचे वार्षिक शुल्क भरता यावे म्हणून वेगळे बिनव्याजी कर्जही दिले. म्हणजे ज्या मैदानाला सरकारने आधीच १९ कोटी दिले होते, त्याच मैदानाचे देणे भागविण्यासाठी करदात्याला पुन्हा हात पुढे करावा लागला. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकविणारे प्रशिक्षक आणि गावोगावची लहान मैदाने यांच्या वाट्याचा पैसा मधल्या काळात व्याजात जात राहिला, हे या कथेतील मला सर्वांत सलणारे प्रकरण.

मोठे की भरलेले

वेल्सने याच काळात उलट दिशेचा निर्णय घेतला. कार्डिफच्या मध्यभागी १९९९ साली बांधलेले, ७४,००० हून अधिक आसनांचे मिलेनियम मैदान रग्बी संघटनेचे. फुटबॉल संघही तेथे खेळू लागला. संघ जिंकत होता तोवर गर्दी झाली, हरू लागताच विस्तीर्ण रिकाम्या रांगांसमोर खेळणे नशिबी आले. मग संघटनेने त्याच शहरातील ३३,००० आसनांचे क्लबचे मैदान धरले. तेथे आवाज घुमतो, तिकीट मिळेल की नाही या शंकेने लोक आधीच खरेदी करतात, आणि जून २०१५ मध्ये तेथेच गॅरेथ बेलच्या गोलाने बेल्जियमला हरवून वेल्सने १९५८ नंतरच्या आपल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेकडे निर्णायक पाऊल टाकले.

स्कॉटलंडपुढेही २०१८ साली निवड होती. ग्लासगोचे हॅम्पडन पार्क हे क्वीन्स पार्क या जुन्या हौशी क्लबचे होते आणि भाडेपट्टा संपत आला होता. एडिनबरोचे मरेफील्ड अधिक मोठे आणि रग्बी संघटनेचे तयार मैदान होते. कुळ म्हणून मरेफील्डला जावे की हॅम्पडन विकत घ्यावे? संघटनेने ५० लाख पौंडांत हॅम्पडन घेतले, आणि त्यातील निम्मी रक्कम एका उद्योगपतीने दिली. विद्यमान वास्तू स्वस्तात मिळत असेल तर मालकीही शहाणपणाची ठरू शकते.

डब्लिनमध्येही एक लहान मैदान आहे, ज्याचा उल्लेख आयरिश मैदानांच्या चर्चेत फार उशिरा येतो. टॅला या उपनगरातले हे मैदान नगर प्रशासनाने पुरे केले, आणि आयर्लंडचा महिला संघ वर्षानुवर्षे तेथेच खेळला. त्या संघाने विश्वचषकात प्रवेश मिळविल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला प्रथमच अविवा मैदान मिळाले आणि जवळजवळ छत्तीस हजार लोक आले.

आपल्याकडील मैदाने

भारताकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे मैदानाचा पैसा बहुधा फुटबॉलच्या नावाने येतच नाही. तो राष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या किंवा अशाच एखाद्या सोहळ्याच्या नावाने राज्याच्या तिजोरीतून येतो. गुवाहाटीचे मैदान २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधले गेले, पुण्याचे बालेवाडी १९९४ च्या. अशा मैदानाला धावपट्टी हवीच, आणि मग गोलपासून पहिली रांग इतकी दूर जाते की प्रेक्षकाला खेळाडूचा चेहरा दिसत नाही. पैसा देणाऱ्याची अट वास्तूच्या आकारात उतरते. वेम्बलीलाही लॉटरीच्या निधीबरोबर धावण्याच्या शर्यतींची अट आली होती आणि ती सोडविताना मंत्र्यांचे आणि संघटनेचे मोठे भांडण झाले. मडगावचे फातोर्डा या दृष्टीने वेगळे पडते: १९८९ साली उघडलेले, गोव्याच्या राज्य क्रीडा प्राधिकरणाचे, धावपट्टीविना, प्रेक्षकांना मैदानाजवळ बसविणारे, आणि फुटबॉल जाणणाऱ्या लोकांच्या वस्तीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरविरुद्धचा आशिया चषकाच्या पात्रतेचा सामना तेथेच झाला; आपण १-२ असे हरलो. त्याआधी मार्चमध्ये बांगलादेशविरुद्धचा सामना सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या शिलाँगला झाला होता.

मुंबईच्या अंधेरीतील महापालिकेच्या क्रीडासंकुलात जून २०१८ मध्ये घडलेला प्रसंगही येथे सांगितला पाहिजे. चिनी तैपेईला भारताने ५-० असे हरविले, छेत्रींनी तीन गोल केले, आणि ते पाहायला २,५६९ माणसे होती. छेत्रींनी दुसऱ्या दिवशी चित्रफितीतून लोकांना मैदानावर येण्याचे कळकळीचे आवाहन केले आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याला ते लहानसे मैदान भरून गेले. तोच सामना साठ हजारांच्या मैदानावर असता तर तीच माणसे तेथे विखरून गेली असती.

आपल्या महासंघाला पंधरा वर्षांच्या व्यापारी करारातून दरसाल ५० कोटी रुपये मिळत असत, आणि तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. अशा संस्थेने स्वतःचे भव्य राष्ट्रीय मैदान बांधण्याचा विचारही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिने करावयाचे ते दोन-तीन राज्य सरकारांशी चार-पाच वर्षांचे लेखी करार: फातोर्डा, शिलाँग आणि कोलकाता यांसारख्या ठिकाणी वर्षाकाठी ठरलेले सामने, पुरुषांबरोबर महिला संघाचेही, आणि त्या बदल्यात गवत व प्रकाशझोत यांची जबाबदारी राज्याने वर्षभर घ्यावी. आज सामना जाहीर झाल्यावर निरीक्षकाच्या भेटीआधी जी घाईची रंगरंगोटी होते, तिच्या जागी मग माळ्याला बारा महिन्यांचा पगार देता येईल.